चौथ्या कलमातला माणूस

बर्चफील्ड,
१२ जानेवारी १७८८

ओबेद,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून वरची ओळ कोरी सोडली आहे. ती भरायची की नाही हे तुझ्या वागण्यावर ठरेल.

काल लूमिसचा गाडीवान बॉस्टनहून परतला. सभाघराच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमचा प्रतिनिधी जावयाच्या पंक्तीला बसून व्यापाऱ्यांबरोबर कालवं खातोय. ते बोलतात, हा मान डोलावतो. मानेला तेल घातलंय की काय कोण जाणे!" लोक हसले. मी हसलो नाही. तुझी बहीण तिथून तडक घरी निघून आली.

तुला आठवण करून द्यावी लागते याचीच चीड येते. डिसेंबरात गावसभेपुढे तेरा राज्यांची मिळून केलेली नवी घटना पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून झाली. मग आपल्या रिवाजाप्रमाणे माणसे भिंतींना उभी राहिली: मंजूर म्हणणारे पूर्वेच्या, नामंजूर म्हणणारे पश्चिमेच्या. पूर्वेला चौघेच गेले, आणि त्यांतला एक बहिरा होता. काय चालले आहे ते कानात ओरडून सांगितल्यावर तोही उठून इकडे आला. तू माझ्या खांद्याला खांदा लावून पश्चिमेला उभा होतास. म्हणून तर तुला निवडले. 'नाही म्हणून ये' एवढेच सांगून बॉस्टनच्या मंजुरीच्या सभेला पाठवले.

प्रत्येकाचे कारण वेगळे होते हे खरे. म्हाताऱ्या लूमिसला धास्ती, की अधिकारपदासाठी धर्माची अट नाही म्हणजे उद्या पोपसुद्धा राष्ट्राचा अध्यक्ष होईल. कुणाला कराची भीती. कुणी म्हणाले, यात माणसाच्या हक्कांची सनद कुठे आहे? माझे कारण तुला ठाऊक आहे. चौथे कलम. एका राज्यात 'सेवेला बांधलेला' माणूस पळून दुसऱ्या राज्यात गेला, तर तिथल्या कायद्याने तो सुटणार नाही. ज्याची सेवा त्याने मागितला की परत द्यायचा. गुलाम हा शब्द कुठेच नाही. शब्द लिहायची त्यांना लाज वाटली, कलम लिहायची वाटली नाही.

तो माणूस माझ्या कुरणापलीकडे राहतो. क्वाको दहा वर्षांपूर्वी व्हर्जिनियातून आला. लढाईत दोन हिवाळे आपल्या मुलांबरोबर गारठला. मग इथे घरोघरची राख गोळा करून, मोठ्या लोखंडी कढईत उकळून क्षार काढू लागला. तुझ्या घरची राखही त्याच्याच गाडीत जाते आणि तुझ्या बायकोला तिच्या बदल्यात साबण मिळतो. दायनाशी त्याचे लग्न आपल्याच सभाघरात लागले. दोन मुले झाली. आपल्या राज्याच्या घटनेने पहिल्याच कलमात सांगितले आहे की सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, आणि आपल्या न्यायालयाने ते शब्द खरे मानले. आता हे नवे कलम म्हणते, ते तुमच्या घरापुरते. व्हर्जिनियाचा मालक दारात आला की ते शब्द गिळा.

मी गिळणार नाही. तूही गिळू नकोस.

असाहेल

*

बॉस्टन,
२१ जानेवारी

दाजी,

नमस्कार. तुम्ही तुमची ओळ कोरी सोडलीत, मी माझी सोडत नाही.

कालवे खाल्ली. एकदा. ती घशाखाली उतरली नाहीत, एवढे त्या गाडीवानाला सांगा, आणि म्हणावे, पुढच्या वेळी खिडकीतून बघण्याऐवजी आत ये.

इथे साडेतीनशे माणसे एका सभाघरात दाटीने बसतात. वर सज्ज्यात ऐकणाऱ्यांची इतकी गर्दी, की दुपारच्या जेवणाला उठलो तर जागा जाईल म्हणून लोक खिशात पाव घेऊन येतात. एकेक परिच्छेद वाचतात, त्यावर भांडतात. चौथे कलम अजून आलेले नाही. मी डोळे मिटून बसलेलो नाही.

पण दाजी, ऐकता ऐकता माझे मत हलले आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. गेल्या वर्षीची बंडाळी तुम्ही पाहिलीत. आपल्याच परगण्यातली माणसे एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती. शेजारचे राज्य आपल्या मालावर जकात घेते, आपण त्यांच्या. तेरा घरांच्या तेरा चुली. उद्या इंग्रज परत आला तर आग विझवायचे पाणी कुणाच्या विहिरीचे? ही घटना एकाच्या हाती सगळी सत्ता देत नाही. कायदा करणारे वेगळे, अंमल करणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर डोळा. माणूस पापी आहे हे धरूनच ती लिहिली आहे. हे तर तुमच्या प्रार्थनेतलेच तत्त्व! हक्कांच्या सनदेबद्दलही बोलणे चालू आहे: आधी मंजुरी द्यायची आणि दुरुस्त्यांची शिफारस सोबत जोडायची.

तुम्ही म्हणता, 'नाही म्हणून ये' एवढेच सांगितले होते. मग माणूस कशाला पाठवलात? पोपट पाठवायचा, भाडे कमी पडले असते. तुम्ही मला गावाचे तोंड म्हणून निवडलेत की डोके म्हणून, ते एकदा ठरवा. आणि तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला किती जण क्वाकोसाठी उभे होते? लूमिस पोपसाठी उभा होता. बाकीचे कर वाचवायला. क्वाकोसाठी तुम्ही होतात, आणि कदाचित मी.

क्वाकोची काळजी करू नका. त्याची व्यवस्था मी करत आहे. कळेल लवकरच.

ओबेद

*

बर्चफील्ड,
२९ जानेवारी

ओबेद,

तुझे पत्र तीनदा वाचले. पहिल्या वेळी राग आला, दुसऱ्या वेळी जास्त आला, तिसऱ्या वेळी प्रार्थना करून वाचले तरी गेला नाही.

तोंड की डोके, विचारतोस. तू आमचा प्रतिनिधी आहेस. डोके तुझे चालव, कोण नको म्हणते? मत बदलले तर घरी ये, सभाघरात उभा राहा, आम्हाला पटव. पटले तर आम्हीच पूर्वेच्या भिंतीला जाऊ. पण आमच्या पाठीमागे बदललेले मत आमच्या नावावर टाकतोस, आणि त्याला संमती म्हणतोस? राजाने आपल्याला न विचारता कर लावला, तेव्हा तू सतरा-अठरा वर्षांचा होतास. बंदूक तुझ्या खांद्याला नीट लागतही नव्हती, तरी 'आम्हाला विचारलं नाही!' म्हणून सर्वांत मोठ्याने तूच ओरडत होतास. तुझ्या बहिणीला आठवते. मला आठवते.

आणि पश्चिमेच्या भिंतीबद्दल. लूमिस पोपसाठी उभा होता, बरोबर. म्हणून क्वाकोसाठीचे माझे कारण खोटे ठरते का? शेजारी शिंकला म्हणून माझा ताप उतरतो का?

तुझे पत्र मी क्वाकोला वाचून दाखवले. तो कढईखाली जाळ घालत होता. "डीकन," चर्चमधल्या माझ्या पदानेच हाक मारत तो म्हणाला, "त्या कागदात मी नक्की कुठं आहे?"

"चौथ्या कलमात."

"नावानं?"

"नाही. 'व्यक्ती' असं लिहिलंय."

"अरे वा! व्यक्ती!" तो हसला, पण जाळाकडेच बघत. "व्हर्जिनियात हा शब्द माझ्यासाठी कुणी वापरला नव्हता. परत धाडायच्या वेळी बरा सापडला." मग व्यवस्थेचे वाक्य आले तेव्हा त्याने मला पुन्हा वाचायला लावले. "माझी व्यवस्था? आणि मला सोडून सगळ्यांना माहीत?"

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो.

"मग तर देवच वाली," तो म्हणाला आणि कामाला लागला.

ओबेद, दोन गोष्टी. चौथे कलम वाचले जाईल तेव्हा उभा राहा आणि विचार: 'आमच्या गावात दहा वर्षे राहणारा, आमच्या बरोबर लढलेला माणूस यात येतो का?' मत काय द्यायचे ते देशील, पण त्यांना तोंडाने उत्तर द्यायला लाव. दुसरे, तुझी व्यवस्था जी काही असेल ती आहे तिथे थांबव आणि आधी त्याला विचार.

असाहेल

*

बॉस्टन,
७ फेब्रुवारी

दाजी,

तुमचे पत्र काल रात्री पोचले. उशीर झाला. मंजुरी झाली. एकोणीस मतांनी. त्यांत एक माझे आहे.

काल संध्याकाळपासून शहरात घंटा वाजत आहेत. ज्यांनी विरोधात मत दिले त्यांतले कित्येक उभे राहून म्हणाले, आम्ही हरलो, पण बहुमत मानतो. घरी जाऊन लोकांना शांत करू. मला वाटले, हेच ते. रक्त न सांडता हरायला शिकलेली माणसे. माझ्या डोळ्यांत पाणी आले. तुम्ही असता तर तुमच्याही आले असते, रागावलात तरी. दुरुस्त्यांची शिफारसही जोडली आहे.

चौथ्या कलमाबद्दल खरे सांगतो. त्याचे वाचन पाणी पिण्याइतक्या वेळात संपले. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिले. मी उठलो नाही. तुम्ही भ्याड म्हणाल. पण विचार करा, सज्ज्यात दक्षिणेच्या जहाजांचे आडते बसलेले. तिथे उठून 'आमच्या गावात असा माणूस आहे' म्हणायचे?

आणि मी त्याहून चांगले काम आधीच करून ठेवले आहे. तेच तुम्हाला सांगायचे होते. कायदा लागू व्हायच्या आत क्वाकोच्या हातात रीतसर मुक्तीचा कागद पाहिजे. म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच मी व्हर्जिनियाला त्याच्या मालकाला, कॉर्बिन हॅल्सी यांना, पत्र घातले. त्यांचे नाव आणि परगणा चर्चच्या सगळ्या मंडळीला माहीत आहे. मंडळीत घेताना क्वाकोनेच साऱ्यांसमोर आपल्या आयुष्याची साक्ष सांगितली होती. मी लिहिले की हा माणूस प्रामाणिक आहे, देवभीरू आहे, बर्चफील्डमध्ये क्षाराचा धंदा करतो, बायको आहे, दोन मुले आहेत. मेहनत कळावी म्हणून डाव्या हातावरची भाजल्याची खूणसुद्धा लिहिली. शेवटी विनंती केली की ख्रिस्ती माणूस म्हणून त्याला मुक्त करावे. पत्र चांगले उतरले आहे. वाचणाऱ्याला पाझर फुटेल.

आता तरी आशीर्वाद लिहा.

ओबेद

*

बर्चफील्ड,
१८ फेब्रुवारी

ओबेद,

तू काय केले आहेस हे तुला अजून समजलेले नाही, म्हणून सावकाश लिहितो.

दहा वर्षे त्या हॅल्सीला ठाऊक नव्हते की क्वाको जिवंत आहे की मेला. आता त्याला राज्य ठाऊक आहे, गाव ठाऊक आहे, धंदा ठाऊक आहे, डाव्या हातावरची खूण ठाऊक आहे. तुला ते शिफारसपत्र वाटते. कुठल्याही शिपायाच्या हातात दे, तो त्याला पकडवॉरंट म्हणेल. एका हाताने तू माणूस परत द्यायच्या कायद्याला मत दिलेस, आणि दुसऱ्या हाताने त्याचा पत्ता कळवलास. आणि घंटा वाजल्या म्हणून रडलास!

त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती मला सर्वांत जास्त जाळते. तू हॅल्सीला विचारलेस. अगदी अदबीने. तुझ्या लेखी क्वाकोच्या सुटकेवर ज्याची संमती लागते तो माणूस हॅल्सी आहे. कुरणापलीकडे राहणाऱ्या माणसाला विचारावे हे तुझ्या मनातसुद्धा आले नाही.

मंडळीत सांगितलेल्या साक्षीचा दाखला देतोस. अरे, ते नाव त्याने देवाला सांगितले होते. आपण फक्त तिथे बसलेलो होतो.

मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. वाचून दाखवले. क्वाको कढईखालचा जाळ विझवू लागला. दायना बोलली. "ओबेदनं माझ्या नवऱ्याच्या हाताचं वर्णन लिहिलं? बैलाचं लिहितात तसं?" मग माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "डीकन, खरं सांगा, पोरांची नावं लिहिलीत का त्यानं?" याचे उत्तर तुझ्यापाशी आहे. तू दे.

मग क्वाकोने विचारले, "तुमची घोडी बर्फात किती चालेल?"

"चालवू तितकी," मी म्हणालो.

मी म्हणालो, थोडे थांबून बघू, घटना लागू व्हायला नऊ राज्यांची मंजुरी लागते, अजून सहाच झाली आहेत, इथे गाव तुझ्या पाठीशी आहे. तो म्हणाला, "गाव पाठीशी होतं म्हणून तर गावाचा माणूस बॉस्टनला गेला ना? पाठीशी असलेल्यांनी एवढं केलं. समोरच्यांची वाट कशाला बघू?"

त्यांना मी पोचवून आलो. कुठे ते तुला सांगणार नाही. या तेरा राज्यांच्या बाहेर आहे एवढे पुरे. लोखंडी कढई नेता आली नाही. तिच्याखेरीज त्याचा धंदा नाही, आणि तिथे कढई मिळत नाही.

तुझी बहीण तुझ्या नावाने रडते, आणि रडून झाले की तुझ्या नावाने भांडी आपटते. पुढच्या महिन्यात प्रभुभोजन आहे. भाकरीचे ताट मी फिरवतो. तुझ्यापुढे ते माझ्या हाताने येणार नाही.

असाहेल

*

बॉस्टन,
१४ मार्च

दाजी,

मुलांची नावे लिहिली होती. वये पण.

हॅल्सीचे उत्तर आले. तो माझे आभार मानतो. त्याचे अक्षर सुंदर आहे. लिहितो की इतकी खात्रीलायक माहिती आजवर कुणी दिली नव्हती, आणि रस्ते वाळले की त्याचा माणूस निघेल. मुक्तीबद्दल एक अक्षर नाही. माझ्या पत्रातला तेवढा भाग त्याने वाचलाच नसावा असे वाटते. मग वाटते, वाचला असेल, आणि हसला असेल.

उत्तर जावयाने पाहिले. तो म्हणाला, "चांगल्या मनानं केलंत ना? मग झालं तर." मी त्याच्या तोंडावर कप फेकला. आता त्याच्याकडे राहत नाही, बंदराजवळ एका खोलीत राहतो. बर्चफील्डला तोंड दाखवायची हिंमत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्यापुढे वाकणार नाही. घटनेला दिलेले मत मी उद्याही देईन. देश पाहिजे. पण त्या कलमाच्या वेळी उठलो नाही याला देशाची सबब नाही. आडत्यांची भीती हे मी तुम्हाला नंतर सांगितलेले कारण आहे. त्या क्षणी मनात एवढेच होते, की सगळे कसे छान चालले आहे, आता मधेच कुठे हा विषय.

मला त्याला भेटायचे आहे. पाय धरायचे आहेत. कुठे आहे सांगा. मी कुणाला सांगणार नाही, शपथ घेतो. कढईसुद्धा घेऊन जाईन.

ओबेद

*

बर्चफील्ड,
२५ मे

ओबेद,

हॅल्सीचा माणूस गेल्या आठवड्यात येऊन गेला. तरणा, बोलायला गोड. क्वाकोच्या झोपडीत शिरला, थंड पडलेल्या राखेत काठी घालून बघितली आणि मग सभाघरापाशी आला. आम्ही बरेच जण होतो. त्याच्या हातात तुझे पत्र होते. त्यातून वाचून त्याने विचारले, "डाव्या हाताला भाजल्याची खूण असलेला माणूस कुणी पाहिलाय?"

म्हातारा लूमिस पुढे झाला आणि आपला डावा हात त्याच्या नाकाशी धरला. "ही घ्या. साबण करताना भाजलं. नेता मला? जेवायला काय काय घालता तिकडे?" मग एकेक जण हात दाखवू लागला. आपल्याकडे कुणाच्या हाताला चुलीची, भट्टीची खूण नाही?

तो तरीही गोडच राहिला. मला म्हणाला, "तुम्ही डीकन. तुम्ही खोटं बोलणार नाही."

"नाही बोलणार," मी म्हणालो. "तो गेला. मीच पोचवला. कुठं, ते सांगणार नाही."

"आज नका सांगू," तो म्हणाला. "आणखी दोन राज्यं झाली की तुमचाच कायदा माझ्याबरोबर येईल. तुमच्याच प्रतिनिधीनं मत दिलंय त्याला." आणि टोपी उचलून नमस्कार करून गेला. त्याचे म्हणणे खरे होते, म्हणून मला त्याला मारावेसे वाटले. मंडळीत डीकन झाल्यापासून कुणावर हात उचलावा असे मनात आले नव्हते. प्रभुभोजनाला ताट दुसऱ्याने फिरवले. मी घेतलेही नाही. मनात एवढा राग ठेवून ती भाकर हातात धरता येत नाही. तुझ्यामुळे नाही घेतली असे समजू नकोस. राग तुझ्या एकट्यावर नाही.

तू घरी ये. गाव बोलेल, ऐकून घे. तुझी बहीण तुला जेवायला वाढेल आणि बोलणार नाही, तेही सोस. तुझ्या मताबद्दल मी तुझ्याशी सभाघरात भांडेन, सगळ्यांसमोर, मरेपर्यंत. ती दुरुस्त्यांची शिफारस केलीत ना? त्यात त्या कलमाबद्दल एक ओळ नाही, मी वाचली. पुढच्या गावसभेत ती मी मागणार आहे. तू कुठल्या भिंतीला उभा राहतोस ते बघेन.

राहिले तुझे मागणे. तुझा निरोप मी त्याला पोचवला. कसा, ते विचारू नकोस. 'ओबेदला तुला भेटायचे आहे, माफी मागायची आहे, कढई आणायची आहे, येऊ दे का?' असे जसेच्या तसे विचारले. उत्तर यायला वेळ लागला. तो नाही म्हणाला.

कारण दिलेले नाही. मी मागितले नाही. तुझी बहीण म्हणते, "अहो, पुन्हा एकदा विचारा, जरा गळ घाला. कढई तरी घेऊ दे." मी म्हटले, नाही. या साऱ्या हिवाळ्यात आपण त्याच्याबद्दल बोललो, लिहिले, मते दिली. त्याला विचारले ते आता, एकदाच. त्याचे उत्तर आले आहे.

म्हणून ठिकाण लिहीत नाही.

असाहेल